प्लांटचीच पावडर

जिभाऊ खुर्चीवरून उठत होते आणि बसत होते. उठत होते आणि बसत होते. हातांची छातीवर घडी, नजर समोरच्या भिंतीवर, आणि चेहरा असा की कोणी शाळेत शिक्षा केली आहे. शिक्षाच म्हणायची. भाचीचा हुकूम होता, हात न टेकता एका दमात पंधरा वेळा. अकराव्या वेळी मांड्या लटलटायला लागल्या, बाराव्याला कपाळावर घाम आला, आणि पुढच्या वेळी जे बसले ते बसलेच.

शिलाई मशीनवर कोणाच्या तरी पँटची चेन बदलत बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे भाचीच्या मामीने, मान वर न करता विचारलं, "किती झाल्या?"

"पंधरा."

"तेरा," मामी म्हणाली. "खुर्ची करकरते अहो, मी मोजते."

आता तेरा काय आणि पंधरा काय, दोन उठाबशांनी कोणाचं आभाळ कोसळतं, असं तुम्ही म्हणाल. जिभाऊंचं कोसळणार होतं. पाच आठवड्यांनी कंपनीच्या डॉक्टरीणबाई त्यांची परीक्षा घेणार होत्या. दुधाच्या टँकरची शिडी, हातात नमुन्यांची टोपली, आणि अर्ध्या तासात दहा वेळा वर जाऊन खाली यायचं. जमलं तर जिभाऊ पुन्हा आपल्या जागी, डॉकवर, म्हणजे दुधाचे टँकर येऊन लागतात त्या धक्क्यावर. नाही जमलं तर लेबलांच्या खोलीत. तिथे सरकत्या पट्ट्यावरून दुधाच्या पिशव्या जातात आणि त्यांच्यावर तारीख नीट छापली आहे की नाही ते खुर्चीत बसून बघायचं असतं. पगार तोच, पंखा डोक्यावर, उन्हातान्हाचा त्रास नाही. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. जिभाऊ मात्र त्या खोलीचं नाव काढलं तरी विषय बदलायचे.

कारण जिभाऊ म्हणजे दुधाच्या प्लांटची जीभ. म्हणून तर जिभाऊ. जीभ अधिक भाऊ. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकात असेल तर असेल, डॉकवर कोणाला आठवत नाही. तीस वर्षं हा माणूस दुधाचे टँकर तपासतो. टँकर आला की शिडीने वर चढायचं, झाकण उघडायचं आणि पहिला वास घ्यायचा. तो पहिला वास खोटं बोलत नाही, दुसऱ्याला नाक सरावतं. मग लांब दांड्याने दूध ढवळायचं, नमुना काढायचा, खाली येऊन कोमट करायचा, एक घोट तोंडात फिरवायचा आणि मोरीत थुंकायचा. मग सांगायचं: घ्या, किंवा परत पाठवा. मशीनं नंतर येतात. मशीन सांगतं फॅट किती आणि आंबटपणा किती. पण गाईंनी काल काय खाल्लं, कॅन नीट विसळले होते की नाही, टँकर वाटेत उन्हात उभा होता का, हे जिभाऊ सांगायचे. एकदा त्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं होतं, की ड्रायव्हरने झाकणाला नवीन रंग लावलाय. ड्रायव्हर तीन दिवस तोंडात बोट घालून हिंडत होता.

आणि हा माणूस आजारी पडला. आतड्याचं कसलंसं इन्फेक्शन. तीन आठवडे हॉस्पिटल, अकरा किलो वजन गेलं. घरी आले तेव्हा मामीने त्यांच्या सगळ्या पँटी कमरेत आवळल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा आवळल्या. ती तोंडाने काही बोलायची नाही, नुसती गळ्यातली टेप काढून त्यांच्या कमरेभोवती फिरवायची आणि आकडा बघून "हं" करायची. त्या "हं"ला जिभाऊ डॉक्टरच्या सुईपेक्षा जास्त घाबरायचे.

पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी शर्टच्या खिशात चार घड्या घालून ठेवली होती. हॉस्पिटलमधून निघताना तिथल्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं, की आतडी अजून कच्ची आहेत, दूध आणि दुधाचं काहीही पचणार नाही. काही महिने, कदाचित जास्त. जिभाऊंनी तो कागद वाचला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. डॉकवरच्या माणसाला दूध पचत नाही! न्हाव्याला कात्रीची भीती वाटते म्हटल्यासारखं झालं. हे प्लांटवर कळलं तर शिडी चढता येते की नाही हे कोणी बघणारसुद्धा नाही, उचलतील आणि थेट लेबलांच्या खोलीत नेऊन बसवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ त्यांनी घरातसुद्धा झाकली. कारण मामीचं पोट म्हणजे चाळणी. तिला सांगायचं, म्हणजे पँट घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं. त्यांनी काळा चहा सुरू केला आणि व्यायामासाठी असाच घ्यायचा असतो अशी थाप मारली. मामीने ऐकून घेतलं.

सांगितलं ते फक्त भाचीला. तेही तिने कोंडीत पकडलं म्हणून. ही त्यांच्या बहिणीची मुलगी, गावातल्या एका जिममध्ये लोकांकडून वजनं उचलून घेते आणि वर त्यांनाच ओरडते. परीक्षेचं कळल्यावर ती रविवारी वही घेऊन आली. मामा, सकाळी काय खातोस, दुपारी काय, किती अंडी, शेंगदाणे का नाही, दूध किती? दुधाशी जिभाऊ अडखळले. भाचीने मामी गच्चीवर कपडे काढायला जाईपर्यंत वाट बघितली आणि मग कागद काढून घेतला. वाचला, परत घडी करून दिला. कोणाला सांगू नकोस, जिभाऊ म्हणाले. नाही सांगत, ती म्हणाली, पण मग प्रोटीन कुठून आणायचं ते मी ठरवणार. तिच्या मनात होती मटारापासून बनवलेली, दुधाचा थेंब नसलेली पावडर, पण मामाला कसली ते न सांगता नुसतं म्हणाली, एक पावडर घ्यायची. दिवसाला दोन माप. त्याने स्नायू आपोआप येत नाहीत हं, ते खुर्चीने आणि जिन्याने येतील, पण नुसत्या जिन्यावर घर उभं राहत नाही, विटा लागतात.

आणि सोमवारी तिने मामीला फोन केला. गुपित न फोडता, अगदी सोप्या शब्दांत. मामी, मामासाठी प्रोटीन पावडर आणायची आहे. नाव काहीही असू दे, फक्त प्लांट-बेस्ड असली पाहिजे. दुसरी अजिबात नको.

"दुसरी कशाला आणू?" मामी म्हणाली. "प्लांटचीच आणते."

"वा, तुला बरं माहितीये," भाची खूश झाली.

"मला नाही माहिती तर कोणाला?" मामी म्हणाली आणि फोन ठेवला.

आता बघा, त्या घरात तीस वर्षं प्लांट या शब्दाचा एकच अर्थ. हे प्लांटवर गेले. प्लांटची गाडी आली. प्लांटला सुट्टी आहे. प्लांटचा भोंगा झाला, भात चढवा. झाडाला प्लांट म्हणतात हे मामीला कोणी कधी सांगायची वेळच आली नव्हती. झाडाला झाड म्हणतात. तेव्हा ती मंगळवारी सकाळी उठली आणि सरळ प्लांटच्या गेटशेजारी कामगारांसाठी दुकान आहे तिथे गेली. दुकानातल्या बाईंना म्हणाली, प्लांटची प्रोटीन पावडर द्या. बाईंनी फळीवरून निळी पिशवी काढून दिली. नवीनच निघाली होती, आपल्याच प्लांटची, साय काढलेल्या दुधाची, आणि वर ठळक अक्षरात छापलेलं, "हाय प्रोटीन". मामीने दोन पिशव्या घेतल्या. घरी येताना तिला मनातून फार बरं वाटत होतं. ज्या प्लांटसाठी माणूस झिजला, त्याच प्लांटच्या दुधाने तो उभा राहणार.

संध्याकाळी पेला समोर आला. जिभाऊंनी हातात घेतला, आणि ओठाला लावायच्या आधीच नाकाने सगळं सांगितलं. साय काढलेलं दूध, फवारून वाळवलेलं, किंचित जास्त तापवलेलं, बहुतेक दुसऱ्या पाळीतलं. त्यांनी मामीकडे बघितलं.

"हे भाचीने सांगितलंय?"

"शब्दन् शब्द," मामी म्हणाली. "आणि पेला संपेपर्यंत समोरून हलू नकोस असंही सांगितलंय."

ते खरंच सांगितलं होतं. मामी पदराला हात पुसत समोर उभी. आता जिभाऊंनी काय करावं? पीत नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. का ते सांगितलं की मूठ उघडली. पितो म्हणावं तर पोट. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तशी गत. त्यांनी डोळे मिटले आणि प्यायले.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काय झालं ते मी वर्णन करून सांगत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल. एवढंच सांगते की जिन्याचा व्यायाम झाला नाही, कारण बाथरूमपासून जिना लांब होता.

त्यांनी भाचीला फोन केला, मामी भाजी आणायला गेल्यावर. पण माणूस असा गुपिताने पछाडलेला, की ज्या पोरीला सगळं माहीत आहे तिलाही सरळ विचारीना. ती पावडर तूच सांगितलीस ना, म्हणाले. हो मामा, मीच. पोट जरा बिघडलंय. पोट सुरुवातीला बिघडतंच, भाची म्हणाली. गॅस होतो, फुगतं, सगळ्यांचं होतं. दहाबारा दिवसांत सवय होते. डोळे मिटून पी.

ती बोलत होती मटाराबद्दल, आणि मटाराबद्दल ते अगदी खरं होतं. जिभाऊंनी ऐकलं दुधाबद्दल. आणि मग त्यांच्या डोक्यात अशी एक भन्नाट कल्पना बसली, की पोरगी हुशार आहे, तिने काट्याने काटा काढायचं ठरवलंय. पोटाला थोडं थोडं दूध पाजून त्याची खोड मोडायची. आजकालच्या शास्त्रात असेलही तसं. आणि मोडली खोड, तर कागद फाडून टाकता येईल, भीतीच संपली! बुडत्याला काडीचा आधार. जिभाऊ ती काडी धरून रोज दोन पेले प्यायला लागले.

दिवस जात होते. मधल्या रविवारी भाची कुठल्याशा स्पर्धेला मुलींना घेऊन परगावी गेली होती, ती आलीच नाही. इकडे खुर्चीवरच्या तेरा उठाबशांच्या अकरा झाल्या, अकराच्या आठ. जिन्याचे तीन मजले चढल्यावर जिभाऊ कठड्याला धरून उभे राहायचे आणि कोणी वरून येताना दिसलं की खिशात किल्ली शोधत असल्याचं नाटक करायचे. रात्री झोप लागायची नाही. पोटात जरा कळ आली की वाटायचं, इन्फेक्शन परत आलं. परत हॉस्पिटल, परत सलाईन, आणि तारीख निघून जाणार. कॅलेंडरवर त्यांनी परीक्षेच्या दिवसाला पेन्सिलीने बारीकसा ठिपका केला होता. येता जाता तो ठिपकाच डोळ्यांत भरायचा.

आणि मामी! तिला ते वाळताना दिसत होते, टेप खोटं कशी बोलेल? पण तिची समजूत अशी की पावडर कमी पडतेय. म्हणून ती हळूच मापावर शीग ठेवायला लागली. मग दीड माप. मग एक दिवस दोन. बिचारी प्रेमाने घालत होती आणि बिचारा लाजेने पीत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय हे कोणाला मुलांना समजावून सांगायचं असेल, तर हे उदाहरण द्यावं.

त्यात एक दिवस डॉकवरचे साहेब भेटायला आले. हे आणि जिभाऊ एकाच वर्षी प्लांटवर लागलेले, एकाच मोरीत थुंकलेले. पुढे ते साहेब झाले, हे शिडीवरच राहिले. साहेबांनी इकडची तिकडची चौकशी केली, तुझ्या जागी जी मुलगी चढते ती चांगलं काम करते म्हणाले, नाक तयार होतंय तिचं. चांगल्या मनाने म्हणाले. जिभाऊंच्या काळजात मात्र चर्र झालं. मामीने साहेबांपुढे दुधाचा चहा ठेवला आणि जिभाऊंपुढे काळा. चोराच्या मनात चांदणं. साहेबांची नजर त्या काळ्या कपावर गेली का? गेलीच. का गेली? काही कळलं असेल का? साहेब गेल्यावर अर्धा तास ते हाच हिशेब करत बसले, की कपाकडे बघून साहेब "बरं, निघतो" म्हणाले, की "बरं, निघतो" म्हणून कपाकडे बघितलं.

बारा दिवसांनी रविवारी भाची आली. दारातच थबकली. तिचा चेहरा बघून जिभाऊंनी ओळखलं की आपण चांगले दिसत नाही. तिने चप्पल काढायच्या आधी वजनकाटा काढला. पावणेदोन किलो कमी. खुर्चीवर बसवलं, सात उठाबशा. तिने वही मिटून बाजूला ठेवली.

पावडर दाखव, म्हणाली. मामी लगबगीने गेली आणि निळी पिशवी घेऊन आली. दुसरी तळाला गेली होती, तीही आणली, पुरावा म्हणून. बघ, एक दिवस चुकवला नाही.

भाचीने पिशवी उलटी केली, सुलटी केली, मागचं बारीक वाचलं. "मामी, हे दूध आहे."

"मग? प्लांटची पावडर दुधाचीच असणार."

"मी प्लांट-बेस्ड म्हटलं होतं. प्लांट म्हणजे झाड, मामी. वनस्पती. मटाराची म्हणायची होती मला."

"झाड?" मामी म्हणाली. तिने पिशवीकडे बघितलं, मग जिभाऊंकडे, मग पुन्हा भाचीकडे. "झाड म्हणायचं असेल तर माणसाने झाड म्हणावं. या घरात प्लांट म्हणजे प्लांट." आणि मग तिच्या लक्षात आलं की दोघंही हसत नाहीयेत. "दूध असलं तर काय झालं? दुधाने काय होतं?"

भाचीने मामाकडे बघितलं. मामाने खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि मशीनच्या टेबलावर ठेवला.

मामीने तो वाचला. सावकाश वाचला, खालची तारीखसुद्धा वाचली. जिभाऊंना वाटलं आता भडका उडेल, आणि भडक्याला ते तयार होते. पण मामी बसली. हातातली पिशवी तिने मांडीवर घेतली, जसं कोणाचं कपड्यांचं बोचकं घ्यावं.

"बारा दिवस," ती म्हणाली. "बारा दिवस मी तुम्हाला पाजत होते, वर माप वाढवत होते. आणि तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही पीत होतात."

"मला वाटलं हिने सांगितलंय—"

"मला सांगितलं असतंत तर?"

तू सगळ्यांना सांगशील, असं जिभाऊ म्हणू शकले असते, पण ते त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की जिभेवर आलंच नाही. मामी उठली, दोन्ही पिशव्या शेजारच्या घरी देऊन आली. रात्रीचं जेवण झाल्यावर झोपायच्या आधी एवढंच म्हणाली, की माझं पोट चाळणी आहे हे मला माहीत आहे, पण चाळणीतून काय गळतं आणि काय वर राहतं हे तुम्हाला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

सोमवारी खरी पावडर आली. डब्यावर मटाराच्या शेंगांचं चित्र होतं, आता तरी चुकायला जागा नव्हती. पिवळट करडी, पाण्यात घातली की गुठळ्या, म्हणून झाकणाच्या बाटलीत घालून मामी ती अशी खळखळवायची की खालच्या मजल्यावरच्यांनी विचारावं काय चाललंय. जिभाऊंनी पहिला घोट तोंडात फिरवला. सवयीने मोरीकडे निघाले. मामीने दंड धरला.

"इथे गिळायचं असतं."

त्यांनी गिळलं आणि निकाल दिला: आधी ओला पुठ्ठा, मग शेंगेची साल, शेवटी पाटीवरचा खडू. टँकर असता तर परत पाठवला असता. पण पोट गप्प बसलं. दुसऱ्या दिवशीही गप्प बसलं. थोडं फुगलं, भाचीने सांगितल्याप्रमाणे, आणि चार दिवसांत तेही ओसरलं.

ही पावडर आली तेव्हा उरले होते एकवीस दिवस. भाचीने खोटी आशा दाखवली नाही. मामा, एकवीस दिवसांत कोणी पैलवान होत नाही, म्हणाली. गेलेलं आधी भरून काढायचंय. रोज दोन माप, तीन अंडी, शेंगदाणे, खुर्ची, जिना. शेवटच्या आठवड्यात हातात वाळूची पिशवी घेऊन जिना. मामीने पिशवी शिवली, जाड कापडाची, दुहेरी शिवण घालून, दोन कान लावून. आणि ती जिन्यात त्यांच्या मागून चढायची. सांगायला दम खातेय म्हणून, पण जिभाऊंना माहीत होतं ती का मागे असते. आपण मागे कोसळलो तर ही काय अडवणार, दोघं मिळून खाली जाऊ, असं त्यांच्या मनात यायचं आणि ते कठडा आणखी घट्ट धरायचे.

अकरा उठाबशा. तेरा. एक दिवस पंधरा, मामीने मोजलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा. हे बारा त्यांना रात्रभर टोचले. ठिपका जवळ येत चालला.

परीक्षेच्या सकाळी डॉकच्या कोपऱ्यात एक रिकामा टँकर उभा केला होता. डॉक्टरीणबाई हातात घड्याळ घेऊन सावलीत, शेजारी साहेब. बाकीचे लोक आपापली कामं करत होते, म्हणजे सगळे टँकरकडे बघत होते. जिभाऊंनी टोपली उचलली. पहिल्या चार फेऱ्या सवयीने झाल्या, पायांना शिडी आठवत होती. पाचव्याला श्वास लागला. सहाव्याला वर पोचल्यावर ते झाकणापाशी जरा जास्त वेळ वाकले. सातवी. आठव्या वेळी खाली उतरताना डावा पाय दांड्यावर टेकला आणि कापायला लागला. इतका, की शिडी वाजायला लागली. ती लोखंडाची बारीक खडखड सगळ्या डॉकला ऐकू गेली. ते खाली आले, टोपली ठेवली. नववीसाठी हात दांड्याला लावला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरे.

आठ. दहापैकी आठ.

आत खोलीत फॉर्म भरायचा होता. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, जिभाऊ उत्तरं देत होते. चक्कर येते का, नाही. छातीत दुखतं का, नाही. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "पोटाची काही तक्रार? खाण्यातलं काही सोसत नाही असं?"

नाही म्हटलं की संपलं. पुढची रेघ. जिभाऊंच्या तोंडात तो "नाही" तयार होता. दोन फेऱ्या तर गेल्याच आहेत, त्यात हे कशाला? खिडकीतून डॉक दिसत होता, टँकर लागला होता, आणि त्यांच्या जागी चढणारी मुलगी झाकण उघडून वाकली होती. तीस वर्षांत ड्रायव्हर किती गयावया करायचे, भाऊ, जरासाच वास आहे, जाऊ द्या ना. एकाचाही त्यांनी जाऊ दिला नव्हता.

"दूध सोसत नाही," जिभाऊ म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या उठून बाहेर गेल्या, साहेबांशी बोलायला. दार अर्धवट लोटलेलं, आवाज येत होता, शब्द नव्हते. जिभाऊ बसून राहिले. तळहाताला गंज लागला होता, तो खरवडत राहिले. त्यांनी मनातल्या मनात लेबलांच्या खोलीतली खुर्ची कुठे असते ते आठवून बघितलं. पट्ट्याच्या डाव्या बाजूला. पाठीमागे खिडकी नाही.

साहेब आत आले. दाराशीच उभे राहिले.

"हे लपवत होतास? तरी म्हटलं घरी काळा चहा काय पितोय."

जिभाऊंनी गंजलेला तळहात पँटला पुसला.

"तीस वर्षं कंपनी तुला काय दूध प्यायचा पगार देते का रे? थुंकायचा देते." साहेब आत येऊन बसले. "पोट तुझं तू बघ. मला वरचं लागतं, गळ्याच्या वरचं. पण पायांचं मी काय करू ते सांग. शिडी वाजत होती."

ती वाजली होतीच. शेवटी असं ठरलं: सकाळचे पहिले चार टँकर जिभाऊंचे, चारच. बाकीचे त्या मुलीचे, आणि नमुन्याची शंका आली तर तिने खाली येऊन जिभाऊंना विचारायचं. दहा वाजल्यानंतर लेबलांची खोली. तीन महिन्यांनी पुन्हा शिडी. तेव्हा दहा झाल्या तर पूर्ण डॉक, नाही झाल्या तर पूर्ण खोली. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलं आणि सही केली.

मामी गेटबाहेर उभी होती. पास की नापास, तिने विचारलं. अर्धा, जिभाऊ म्हणाले, आणि चालता चालता सगळं सांगितलं, काही न गाळता. फॉर्मचंही सांगितलं. मामी ऐकत होती. सांगून झाल्यावर जिभाऊंनी तिच्याकडे बघितलं. ती बोटांवर पुढच्या शिडीपर्यंतचे आठवडे मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला टँकर ठीक गेला, दुसराही. तिसऱ्याला जिभाऊ वर चढले, झाकण उघडलं, पहिला वास घेतला. स्वच्छ दूध, रात्रीचं, कोरड्या चाऱ्याचं. ढवळलं, नमुना भरला, झाकण लावलं. उतरायला पाय खाली सोडला आणि मांडी पुन्हा तशीच लटलटली. ते थांबले. दोन्ही हातांनी वरची कड धरून, मान खाली घालून, नुसते उभे राहिले, कापरं ओसरायची वाट बघत.

खाली ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला. या माणसाने परत पाठवलेल्या टँकरांच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या.

"काय झालं हो?" त्याने भीत भीत विचारलं. "दूध खराब आहे का?"

डॉकवरच्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"दूध चांगलं आहे," जिभाऊ वरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मला उतरायला जरा वेळ लागतोय."